माझं नाव सांगा

"मानवी संस्कृतीचा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे," ड्रायव्हरच्या सीटवर बसून, कोपर खिडकीबाहेर काढून खातरजमासाहेब म्हणाले. "विश्वास! पूल सिमेंटवर उभे नसतात, विश्वासावर उभे असतात. बँका विश्वासावर चालतात. आणि संसार तर..."

इथे त्यांनी किल्ली फिरवली, गिअर टाकला आणि गाडी वीतभर पुढे सरकली. तिच्या पोटातून कुठूनतरी आवाज आला. टुक्.

"संसाराचं काय म्हणत होतात?" हातात पिशवी घेऊन आवारात उभ्या असलेल्या बायकोनं विचारलं.

साहेबांनी गाडी वीतभर मागे घेतली. टुक्. संसाराचं वाक्य तिथेच राहिलं. ते आजतागायत पुरं झालेलं नाही.

खातरजमासाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते पडताळणी खात्यात फार वरच्या खुर्चीवर होते. खालच्या कचेऱ्यांनी तपासलेल्या गोष्टी खरोखर तपासल्या आहेत, असं तपासणाऱ्यांचं म्हणणं आहे, याची खातरजमा करणं हे त्यांचं काम. एवढ्या नोकरीत त्यांनी एकही पूल, टाकी किंवा शाळा स्वतः जाऊन पाहिलेली नव्हती, आणि याचा त्यांना सार्थ अभिमान होता. वस्तू डोळ्यांनी बघितली की माणसाचं मत बनतं आणि मत बनलं की निःपक्षपातीपणा गेला, हे त्यांचं तत्त्व होतं. कुठलाही कागद पुढे आला की ते चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारत, "कोण म्हणतंय?" म्हणणारा वजनदार निघाला की सही. त्यांनी सही केलेल्या पुलांपैकी बरेचसे अजून उभे आहेत, असं जबाबदार माणसं म्हणतात.

आता या टुक्ची एरवी कुणी दखल घेतली नसती. पण लेकीला नोकरी लागली होती. डोंगरापलीकडच्या गावात पाणी तपासायची प्रयोगशाळा होती, तिथे पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. आणि साहेबांनी जेवणाच्या टेबलावर हात आपटून जाहीर केलं होतं की लेक जाईल ती बापाच्या गाडीतून, सामानासकट, थेट दारापर्यंत.

अशी घोषणा त्या टेबलावर पूर्वीही एकदा झाली होती, लेकीच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी. त्या सकाळी गाडी भर रस्त्यात बंद पडली. साहेबांनी ती लोकांकरवी ढकलून कडेच्या एका झाडाखाली लावली आणि टॅक्सी शोधायला गेले. टॅक्सी घेऊन परत येईपर्यंत लेक एका अनोळखी बाईच्या स्कूटरवर मागे बसून परीक्षेला पोचलीसुद्धा होती. साहेब त्या घटनेला 'अपवादात्मक परिस्थिती' म्हणत. लेक काहीच म्हणत नसे, आणि तेच त्यांना जास्त लागे.

"नक्की ना, बाबा?" या वेळी तिनं विचारलं.

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"शब्दावर आहे हो. पण घाट गाडीतून चढायचाय."

तेव्हा हा टुक् जायलाच हवा होता.

"रस्त्याला हारीनं गॅरेजं आहेत," बायको म्हणाली. "एखाद्यात शिरा आणि म्हणा, आवाज येतोय, बघा. हाय काय आणि नाय काय."

"ओळखीशिवाय?" साहेबांनी हे अशा सुरात विचारलं, की जणू तिनं त्यांना वाटेवरच्या कुणाही माणसाकडून पोट फाडून घ्यायला सांगितलं होतं.

त्यांचंही चुकत नव्हतं. त्या गावाची रीतच तशी होती. डॉक्टर असो, शिंपी असो, सुतार असो, तिथे कुणी कुणाकडे नुसतं जात नसे. कुणाचं तरी नाव घेऊन जाई. अनोळखी कारागीर फसवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओळखीचा आधी बसायला खुर्ची देतो.

"बाबा, असं करा," लेक म्हणाली. "बिल्डिंगमध्ये एवढ्या गाड्या आहेत. त्यातली जी नीट चालताना दिसते, तिच्या मालकाला विचारा."

"गाडीला काय कळतं?" साहेब हसले. "माणूस बघून विचारावं."

त्यांनी माणूस बघितला. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. लोक ज्यांच्यापुढे आ वासून, डोळे मिटून, निमूट पडून राहतात त्या माणसाहून अधिक विश्वासू कोण असणार?

"गॅरेज ना? अहो, बिनधास्त जा!" डॉक्टरांनी जिन्यातच पत्ता दिला. "सर्व्हिसिंग म्हणू नका, परफॉर्मन्स म्हणू नका, सगळं एका छपराखाली. देवमाणूस आहे. माझं नाव सांगा फक्त."

"तुमची गाडी तिथेच असते?"

"असते म्हणजे काय? तिथेच असते!" डॉक्टर म्हणाले आणि पायी दवाखान्याकडे निघाले.

*

वर्कशॉप पाहून साहेबांचा ऊर भरून आला. काचेचं केबिन होतं, सोफा होता, कुंडीत झाड होतं. तेलाचा डाग औषधालासुद्धा नव्हता. मालक पांढऱ्या शर्टात बसले होते. त्यांनी 'काय झालंय गाडीला' असा उथळ प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारलं, "कुणाकडून आलात?"

साहेबांनी डॉक्टरांचं नाव सांगितलं. मालक उठून उभे राहिले. खुर्ची आली.

"आवाज येतो," साहेब म्हणाले. "टुक् असा."

मालकांनी गाडी पुढेमागे करायला लावली, डोळे मिटले, मान किंचित कलती केली आणि दोनदा टुक् ऐकला. मग एखाद्या घरच्या माणसाविषयी बोलावं तशा हळव्या आवाजात ते म्हणाले, "साहेब, हा आवाज नाही. ही तक्रार आहे."

"तक्रार?"

"गाडी मोठी आहे, वाव मिळत नाही. तिची कोंडी झालीय. आता मी आवाज काढून देऊ शकतो. चुटकीसरशी! पण मग ती काय होईल? नुसती दुरुस्त गाडी. तुमच्यासारख्यांनी दुरुस्त गाडीतून फिरायचं?"

आजवर साहेब दुरुस्त गाडीकडे आशेनं पाहत आले होते. त्यात काही कमीपणा आहे, हे त्यांना त्या खुर्चीवर प्रथमच जाणवलं.

"मग काय करायचं?"

"आधी क्षमता वाढवू. तक्रार आपोआप विरते."

पहिल्या टप्प्यात सायलेन्सर बदलला गेला. नवा सायलेन्सर पन्हाळीएवढा जाड होता आणि त्यातून असा घनगंभीर गुरगुराट निघे की साहेब बिल्डिंगच्या फाटकात शिरले की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांची तावदानं थरथरत. टुक् मात्र अजिबात ऐकू येत नव्हता.

"गेला बघ आवाज!" साहेब खिडकीतून ओरडले.

"काय?" बायको ओरडली.

"आवाज गेला म्हणतोय!"

"ऐकू येत नाहीये! आधी ते बंद करा!"

घरात आल्यावर लेकीनं सावकाश विचारलं, "बाबा, आवाज गेला, की दुसऱ्या आवाजाखाली दबला?"

साहेबांनी तिला प्रेमानं समजावलं. तक्रार ऐकू येत नाही याचाच अर्थ तक्रार मिटली. त्यांचं अख्खं खातं याच तत्त्वावर चाललं होतं, आणि एका साध्या गॅरेजवाल्यानं ते आपण होऊन आत्मसात केलेलं पाहून त्यांना त्या माणसाबद्दल आदर वाटू लागला होता.

दुसरा टप्पा पहिल्यातूनच निघाला. एवढा मोठा श्वास सोडणाऱ्या गाडीनं तेवढाच मोठा श्वास घ्यायला नको का? मालकांनी तसं विचारल्यावर 'नको' म्हणणं साहेबांना अमानुष वाटलं. इंजिनाचं ट्यूनिंग झालं. आता पायाचा अंगठा नुसता टेकला तरी गाडी अशी उसळे की मागच्या सीटवरचा डबा पुढच्या सीटवर येई. सिग्नलला शेजारी उभे असलेले मोटारसायकलवाले साहेबांकडे आदरानं बघत, अंगठा दाखवत आणि शर्यतीच्या तयारीत गाडी घुमवत. साहेब अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरात, कपाळावर चष्मा, स्टिअरिंगला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेले असत. हिरवा दिवा लागला की त्यांची इच्छा असो वा नसो, ते पहिले येत.

"साहेब, पिकअप काय घेतलाय!" कचेरीतला शिपाई म्हणाला. "फाटकातनं आलात ते थेट जिन्यापर्यंत!"

"जिन्यापर्यंत यायचं नव्हतं," साहेब खरं बोलून गेले.

एवढं पळणारं वाहन जमिनीला धरून राहिलं पाहिजे, हे तर कुणालाही पटेल. म्हणून तिसऱ्या टप्प्यात गाडी खाली घेतली गेली. डिकीवर पंखासारखी पट्टी बसली. गाडी इतकी खाली आली की तिच्यात बसायचं म्हणजे आधी दाराशी उकिडवं बसावं लागे आणि मग एखादं पोतं ढकलावं तसं स्वतःला आत ढकलावं लागे.

"यात बसायचं का लोळायचं?" बायकोनं रस्त्याच्या पातळीवरून विचारलं. "आणि एकदा आत गेले की बाहेर कोण काढणार?"

"परफॉर्मन्स म्हणतात याला."

"माझाच दिसतोय परफॉर्मन्स! येणारेजाणारे थांबून बघताहेत."

फाटकाशी एक गतिरोधक होता. साहेब बिल्डिंगच्या समितीचे अध्यक्ष असताना त्यांनीच तो घालून घेतला होता. उंची किती असावी, असं गवंड्यानं विचारलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "कोण म्हणतंय?" गवंडी म्हणाला होता, मीच म्हणतोय. गवंड्याचं म्हणणं मोठं उंच होतं. आता त्यावरून गाडी नेताना साहेब सोडून आतल्या सगळ्यांना उतरावं लागे, आणि रिकामी गाडी पोट घासत, कण्हत पलीकडे जाई. वॉचमन तेवढ्यापुरता उभा राहून टोपी काढी.

पहिली तारीख आठवड्यावर आली तेव्हा साहेबांच्या ध्यानात आलं की गाडी निघते ती उत्तम, पण थांबायचं म्हटलं की विचार करते. ते वर्कशॉपला गेले.

"ब्रेक?" मालकांच्या कपाळावर सूक्ष्म आठी आली. "साहेब, ब्रेक हा परफॉर्मन्सचा विषय नाही. तो सर्व्हिसिंगकडे येतो."

"मग सर्व्हिसिंगला सांगा."

"सांगतो की. पण सर्व्हिसिंगवाले गाडी कंपनीतून आली तशीच असेल तरच हात लावतात. तुमची आता तशी राहिलेली नाही."

"मग तशी करा."

"तशी करायला सर्व्हिसिंगची परवानगी लागते. ते म्हणणार, आधी ब्रेक तपासू. आणि ब्रेक तपासायला त्यांना गाडी पाहिजे कंपनीतून आली तशी."

"दोन्ही विभाग तुमचेच ना?"

"छप्पर एकच आहे," मालक नम्रपणे म्हणाले. "विभाग दोन. त्याशिवाय पारदर्शकता राहत नाही."

एवढा निर्दोष बंदोबस्त साहेबांच्या खात्यालाही इतक्या वर्षांत जमला नव्हता. त्या माणसाचे हात हातात घ्यावेत असं त्यांना क्षणभर वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी त्यांना घाट दिसला, घाटातली वळणं दिसली आणि शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसलेली लेक दिसली. ती काहीच म्हणत नव्हती.

*

आयुष्यात पहिल्यांदाच खातरजमासाहेब स्वतः पडताळणीला निघाले.

आधी डॉक्टर. "तुम्हाला हे वर्कशॉप कुणी सांगितलं हो?"

"तळमजल्यावरच्या मुख्याध्यापकबाईंनी. का? काही विशेष?"

"तुमची गाडी कशी चाललीय?"

डॉक्टरांनी जिन्यात वरखाली पाहिलं. "चालण्याचं म्हणाल तर हल्ली मीच चालतो. ती तिथेच असते. गेल्या थंडीपासून. मालक म्हणतात, घाई केली तर दर्जा घसरतो."

"मग मला कशाला पाठवलंत?"

"आता काय सांगू तुम्हाला," डॉक्टर म्हणाले, "मला आधी बाईंनी पाठवलं, मी गेलो. मग मी चारचौघांत कौतुक करून बसलो. दातांचा डॉक्टर आहे मी. माझी पारख चुकली असं बाहेर पडलं तर उद्या माझ्यापुढे तोंड कोण उघडेल?"

निवृत्त मुख्याध्यापकबाई अंगणात झाडांना पाणी घालत होत्या. त्यांच्या गाडीच्या खालून जांभळा उजेड पडत होता आणि तो दिवसाही बंद करता येत नव्हता.

"छान आहे की वर्कशॉप," बाई वर्गात बोलावं तशा म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगते."

"आणि हा उजेड?"

बाईंनी झारी खाली ठेवली. आवाजही खाली ठेवला. "वायपर दुरुस्त करायला दिले होते हो. हे मिळालं. आता पाऊस आला की मी घरीच बसते."

"मग सगळ्यांना सांगता कशाला?"

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळा जन्म मी पोरांना शिकवलं, नीट पारखून घ्या म्हणून. आणि खरं सांगू? आणखी कुणी जाऊन आलं ना, की जरा बरं वाटतं. आपण एकट्याच नाही, असं."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तुमच्याच कचेरीतले ते हेडक्लार्क. फार भल्या गृहस्थांचा शब्द आहे म्हणाले. कुणाचा ते मी नाही विचारलं. बरं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हेडक्लार्कला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "त्या वर्कशॉपचं. कोण म्हणतंय?"

हेडक्लार्क गडबडला. मग त्याच्या चेहऱ्यावर निष्ठा पसरली. "साहेब, तुम्हीच!"

"मी?"

"म्हणजे तोंडानं नाही म्हणालात. पण मी पाहिलं ना! त्या वर्षी, परीक्षांचे दिवस होते. तुमची गाडी त्यांच्या पाटीच्या अगदी खाली, झाडाच्या सावलीत उभी होती. दिवसभर. मी मनात म्हटलं, खातरजमासाहेब खात्री करून घेतल्याशिवाय गाडी उभी करतील होय? त्याच दिवशी मी माझी गाडी नेली. मालकांना म्हटलं, साहेबांकडून आलोय. कसे ताडकन उठून उभे राहिले!"

"अरे, गाडी बंद पडली होती माझी! ढकलून लावली होती!"

"हो का?" हेडक्लार्कनं थोडा विचार केला. "मग ते काही मी बाहेर बोलत नाही, साहेब. तुमच्या शब्दावर अर्धं गाव तिथे जातंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण एवढ्या मोठ्या वळशानंतर कळसा आपल्याच काखेत निघावा आणि तोही फुटका, असं सहसा होत नाही. साहेबांनी हेडक्लार्कला जायला सांगितलं. मग शिपायानं सह्यांचे कागद आणून ठेवले. वरचाच कागद एका पुलाचा होता. सवयीनं त्यांनी चष्मा वर सरकवला, आणि शिपायाला पहिल्यांदाच दिसलं की चष्मा वर केल्यावर साहेबांना काहीच वाचता येत नाही.

*

पहिली तारीख उजाडली. साहेबांनी घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगणार काय? सामान डिकीत गेलं, उरलेलं मागच्या सीटवर गेलं, आणि गाडी आधीच खाली होती ती आणखी खाली बसली. लेक उकिडवी होऊन आत शिरली. बायकोनं बाहेरूनच हात हलवला. डॉक्टर, मुख्याध्यापकबाई, वॉचमन, सगळे निरोपाला आले होते.

"काय दिसतेय गाडी!" डॉक्टर म्हणाले.

"दृष्ट लागेल," बाई म्हणाल्या. त्यांच्यामागे त्यांची गाडी जांभळा उजेड पाडत होती.

गाडी गुरगुरली, उसळली आणि फाटकाशी जाऊन गतिरोधकावर चढली. पुढची चाकं पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली आणि मधलं पोट गवंड्याच्या म्हणण्यावर विसावलं. इंजिन बंद पडलं. एवढ्या दिवसांनी आवारात शांतता झाली, आणि त्या शांततेत गाडी हलकेच पुढे झुकली, मागे झुकली. टुक्.

लेक दार उघडून बाहेर आली. तिनं मागच्या सीटवरची बॅग ओढून काढली, मग डिकीतली.

"थांब, थांब," साहेब आतून म्हणाले. त्यांना बाहेर येता येत नव्हतं. "दोघंचौघं मिळून उचलतील. लगेच निघू."

"नको, बाबा. बसनं जाते."

"बसनं? ती बस कोण चालवतं, कुठे दुरुस्त होते, काही माहिती आहे तुला? कुणाच्या ओळखीची आहे?"

"ओळखीची नाही. पण कॉलेजला जाताना रोज बघत होते. वेळेवर जाते आणि वळणावर हळू होते."

"आणि तिथली खोली? ती तरी कुणी सांगितलेली आहे ना?"

"कुणीच नाही. जाऊन बघून आले मी. नळाला पाणी येतं, दाराची कडी लागते. पाणी तपासूनसुद्धा घेतलं."

"एकटी? कधी गेलीस?"

"गाडी खाली घ्यायला दिली होती ना, तेव्हा."

साहेब खिडकीतून तिच्या गुडघ्यांकडे बघत होते. मान वर करून चेहरा बघायचा तर गाडीचं छप्पर आड येत होतं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं असतंत, कोण म्हणतंय."

ती खाली बसली, खिडकीतून हात आत घालून तिनं त्यांचा कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. "रागावू नका, बाबा. पुढच्या वेळी न्या मला." तिनं बॅगा उचलल्या आणि ती स्टॉपकडे चालू लागली. आई एक बॅग घेऊन तिच्याबरोबर गेली. बस आली. वेळेवर आली. वळणावर हळू झाली, हे साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

निरोपाला जमलेली माणसं आपापल्या कामाला गेली. साहेब गाडीतच बसून राहिले. त्यांच्या मनात फार मोठी उलथापालथ चालली होती. आज कचेरीआधी सहीला आलेला तो पूल प्रत्यक्ष बघून यायचा, असंही त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. आता जो पहिला माणूस भेटेल त्याला सगळं खरंखरं सांगून टाकायचं, म्हणजे ही साखळी तरी इथे तुटेल, हे तर अगदी पक्कं ठरवलं होतं.

आणि नेमके त्याच वेळी तुम्ही आलात.

मागे वळून बघू नका, तुम्हीच. शेजारच्या बिल्डिंगमधले. तुमच्या गाडीलाही थोडे दिवस बारीकसा आवाज येत होता आणि तुम्ही कुणीतरी जाणता माणूस शोधत होतात. तुमच्यासमोर गतिरोधकावर एक गाडी कासवासारखी पोटावर पडून डुलत होती. तिच्या शेपटीवरची पट्टी एका बाजूनं निखळली होती आणि खालून कसलंसं काळं पाणी ठिबकत होतं. तिच्याकडे तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलंत. पडताळणी खात्यातला एवढा वरचा माणूस! तुम्ही अदबीनं वाकलात आणि विचारलंत, "साहेब, गाडीसाठी एखादं खात्रीचं वर्कशॉप असलं तर सांगा ना. तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

साहेबांनी तोंड उघडलं. सत्य अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांना दातांचे डॉक्टर आठवले, बाई आठवल्या, हेडक्लार्क आठवला, अर्धं गाव आठवलं. आणि तुम्ही किती विश्वासानं बघत होतात!

"अहो, बिनधास्त जा," साहेब म्हणाले. त्यांनी पत्ता दिला. "देवमाणूस आहे. माझं नाव सांगा फक्त."

तुमच्या जिवात जीव आला. तुम्ही पत्ता पुन्हा एकदा म्हणून पाठ केलात, आभार मानलेत आणि निघालात. तेवढ्यात जमिनीच्या बाजूनं हाक आली.

"अहो, ऐकलंत का... जाता जाता मागून जरा धक्का देता का?"